कुवेतची गाडी कोकणात आणता येते का? जुन्या गाडीवरच्या कस्टम ड्युटीचा खरा हिशोब

गेल्या महिन्यात श्रीवर्धन तालुक्यातल्या एका गावी मयताला जाणं झालं. मरहूम तीस वर्षांहून जास्त काळ कुवेतला होते. शेवटची काही वर्षं चांगली गेली होती, हातात पैसा आला होता, आणि २०२३ च्या अखेरीस त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा नवी कोरी गाडी घेतली होती. टोयोटा प्राडो, चार लिटर इंजिनवाली. गावच्या ग्रुपवर तिचे फोटो सगळ्यांनी पाहिलेले.

तिसऱ्या दिवशी त्यांचा मोठा मुलगा बाजूला घेऊन म्हणाला, "चाचा, अब्बांची गाडी इकडे आणायची आहे. मुंबईतला एक एजंट म्हणतो की वारसाहक्काची गाडी असेल तर कस्टम माफ आहे. साडेतीन लाख ॲडव्हान्स मागतोय. देऊ का?"

मी म्हटलं, एक पैसाही देऊ नको. पण त्याने पन्नास हजार टोकन म्हणून आधीच दिले होते.

या मुलासारखे फोन आणि मेसेज आमच्याकडे बरेच येतात. कुणी दुबईहून कायमचं परतणार असतं, कुणाला भावाने शारजाहून गाडी गिफ्ट द्यायची असते, कुणी यूट्यूबवर "ओव्हरसीज भाईयों के लिए खुशखबरी" असला व्हिडिओ पाहिलेला असतो. म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहितो. कराचे आकडे खाली आहेतच, पण आखातातल्या भावांसाठी पहिला प्रश्न कराचा नाहीच. पहिला प्रश्न स्टेअरिंगचा आहे.

स्टेअरिंग कुठल्या बाजूला?

जुनी गाडी भारतात आणायची तर परकीय व्यापार महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीएफटीच्या, आयात धोरणात बसावी लागते. त्यातली एक अट अशी की गाडीचं स्टेअरिंग आणि कंट्रोल उजव्या बाजूला हवेत. सौदी, यूएई, कुवेत, कतार, बहरीन, ओमान या सहाही देशांत वाहनं रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात आणि गाड्यांचं स्टेअरिंग डावीकडे असतं. म्हणजे तुम्ही तिथे रोज चालवता ती गाडी कितीही टकाटक असो, कितीही कर भरायची तयारी असो, कायमची आयात म्हणून ती मुंबईच्या बंदरातून सुटत नाही. विषय तिथेच संपतो.

एजंट लोक यावर एक पळवाट सांगतात. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १२० मध्ये लिहिलं आहे की डाव्या स्टेअरिंगची गाडी रस्त्यावर चालवायची नाही, पण तिला ठरवून दिलेलं सिग्नल देणारं साधन बसवलेलं आणि चालू असेल तर चालेल. एजंट हे कलम मोबाइलवर उघडून दाखवतात आणि समोरचा माणूस भुलतो. कलम खरं आहे. पण ते रस्त्यावर गाडी चालवण्याविषयी आहे. गाडी देशात येऊ द्यायची की नाही हे परकीय व्यापाराचा १९९२ चा कायदा आणि त्याखालचं धोरण ठरवतं. पहिल्या दारातून आत येऊ देत नाहीत, मग दुसऱ्या दाराची किल्ली घेऊन करायचं काय?

"तिकडेच स्टेअरिंग फिरवून घेऊ" असंही काही जण सुचवतात. त्यात डॅशबोर्ड, पेडल, वायपर, हेडलाइट, एअरबॅग, सगळं उलटं करावं लागतं. हेडलाइटचा झोतसुद्धा डावीकडून चालणाऱ्या वाहतुकीला साजेसा असावा लागतो, ती धोरणातली वेगळी अट आहे. कंपनीची हमी जाते, आणि पुढे इथल्या तपासणीत अशी गाडी पास करून घेण्याचा खर्च आणि ताप कुणी सांगत नाही.

वारस, टीआर आणि "माफी"

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे. परदेशात वारलेल्या नातेवाइकाची गाडी कायदेशीर वारसाने भारतात आणायची तरतूद धोरणात खरंच आहे. तसंच परदेशात सलग दोन वर्षं राहून कायमचं परतणाऱ्या माणसाला, गाडी तिथे किमान एक वर्ष स्वतःच्या ताब्यात असेल तर, ती आणण्याची सवलत आहे. आपल्याकडे याला सगळे "टीआर" म्हणतात, ट्रान्सफर ऑफ रेसिडेन्स.

पण या सवलतीचा अर्थ नीट समजून घ्या. ती आयातीच्या काही अटींतून दिलेली सूट आहे. करातून सूट नाही. उजव्या स्टेअरिंगची अट तर या लोकांनाही लागू आहेच. म्हणजे वारस असा, टीआरवाले असा, ड्युटी पूर्ण आणि स्टेअरिंग उजवं.

गैरसमज कुठून येतो तेही सांगतो. टीआरवर घरगुती सामान आणलं, फ्रिज, वॉशिंग मशीन, टीव्ही, तर बॅगेज नियमांत सवलत मिळते. हे आपल्या लोकांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. कार्टन बांधणं ही तर आखातवाल्यांची खासियत! त्यामुळे वाटतं की गाडीही त्याच सामानात गणली जाईल. पण कस्टम्स कायदा १९६२ मध्ये बॅगेजची व्याख्या करतानाच स्पष्ट म्हटलंय की त्यात मोटार वाहन येत नाही. दहा वर्षं राहून आलात काय की तीस वर्षं, गाडी ही बॅगेज नव्हेच.

गिफ्टचंही तसंच. भावाने फुकट दिली म्हणून कस्टम्सच्या लेखी तिची किंमत शून्य होत नाही. किंमत ते काढतात आणि तिच्यावर कर लावतात.

आणि तो "ओव्हरसीज भाईयों" वाला व्हिडिओ. तो बहुतेक वेळा पाकिस्तानातला असतो. पाकिस्तानात परदेशस्थ नागरिकांसाठी गिफ्ट स्कीम, टीआर स्कीम अशा योजना चालत आल्या आहेत, त्याखाली जपानच्या वापरलेल्या गाड्या तिथे मोठ्या संख्येने येतात, आणि तिथलेही नियम सतत बदलत असतात. भाषा आपल्याला कळते, कॅम्पमध्ये शेजारी पाकिस्तानी सहकारी असतो, तो शपथेवर सांगतो की माझ्या भावाने अशीच गाडी मागवली. तो खोटं बोलत नसतो. तो त्याच्या देशाचं सांगत असतो.

मग उजव्या स्टेअरिंगची गाडी असेल तर?

आपले लोक फक्त आखातात नाहीत. ब्रिटनमध्ये आहेत, केनिया-टांझानियात आहेत, केपटाऊनला तर कोकणी मुसलमानांची जुनी वस्ती आहे. हे सगळे देश उजव्या स्टेअरिंगचे. शिवाय शारजा-दुबईला राहणाऱ्यांनी पाहिलं असेल, तिथल्या फ्री झोनमध्ये जपानहून आलेल्या उजव्या स्टेअरिंगच्या गाड्या ओळीने उभ्या असतात. त्या आफ्रिकेकडे वगैरे पुढे पाठवायच्या असतात. किंमत ऐकली की कुणाचंही मन डळमळेल.

अशी गाडी आणायची तर बाकीच्या अटी बघा. जुनी गाडी निर्मितीच्या तारखेपासून तीन वर्षांपेक्षा जुनी नको. निर्मितीची तारीख म्हणतोय, विकत घेतल्याची नाही, रजिस्ट्रेशनचीही नाही. शोरूममध्ये वर्षभर पडून राहिलेली गाडी तुमच्यासाठी नवी असेल, कायद्याच्या हिशोबात तिचं एक वर्ष गेलेलं असतं. फ्री झोनमधल्या स्वस्त गाड्या स्वस्त का असतात याचं उत्तर बरेचदा इथेच मिळतं. त्या सात-आठ-दहा वर्षं जुन्या असतात.

स्पीडोमीटर किलोमीटरमध्ये हवा. ब्रिटनहून आणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा, तिथे मैल चालतात. गाडी आयात झाल्यापुढे किमान पाच वर्षं रस्त्यावर चालण्याजोगी हवी, आणि त्या काळात तिची सर्व्हिस भारतात मिळेल याची हमी द्यावी लागते. जे मॉडेल इथे विकलंच जात नाही त्याची हमी कोण देणार, हा प्रश्न तुम्हीच स्वतःला विचारा. गाडी जहाजात चढवण्याआधी तिकडच्या तपासणी संस्थेचं प्रमाणपत्र लागतं, उतरल्यावर इथल्या अधिकृत संस्थेकडून पुन्हा तपासणी होते. पुण्याची एआरएआय ही अशा संस्थांपैकी एक. आणि जुनी गाडी उतरवायची फक्त मुंबई बंदरात. कोची नाही, मुंद्रा नाही, न्हावाशेवाही नाही.

हे सगळं जमलं, मग कर.

दहा लाखाची गाडी कितीला पडते

समजा गाडीची किंमत, जहाजाचं भाडं आणि विमा मिळून दहा लाख रुपये झाले. कस्टम्सच्या भाषेत ही सीआयएफ किंमत. कर गाडीच्या नुसत्या किमतीवर नाही, भाडं-विमा धरून लागतो, हे पहिलं. डॉलर किंवा पौंडाचा रुपयात हिशोब कस्टम्सच्या जाहीर दराने होतो, तुमच्या एक्स्चेंजवाल्याच्या दराने नाही.

पूर्वी वापरलेल्या गाडीवर मूळ सीमाशुल्क १२५ टक्के होतं आणि वर समाजकल्याण अधिभार. २०२५ च्या अर्थसंकल्पात हे शुल्क १२५ वरून ७० टक्क्यांवर आणलं. त्या वेळी बातम्यांचे मथळे आले, "परदेशी गाड्या स्वस्त होणार". बऱ्याच लोकांनी ते कात्रण मला पाठवलं होतं. पण त्याच वेळी कृषी पायाभूत सुविधा उपकर म्हणून ६७.५ टक्के वेगळे लावले आणि अधिभार काढला. ७० अधिक ६७.५ म्हणजे १३७.५. आधीचं १२५ अधिक त्यावरचा १० टक्के अधिभार, म्हणजे १२.५, तेही मिळून १३७.५. एका खिशातून काढून दुसऱ्या खिशात ठेवलं, तुमच्या खिशाला फरक शून्य.

तर दहा लाखावर सीमाशुल्क सात लाख, उपकर पावणेसात लाख. गाडी झाली २३ लाख ७५ हजारांची.

आता जीएसटी. आयातीवर लागतो तो आयजीएसटी, आणि तो दहा लाखावर नाही, या पावणेचोवीस लाखांवर लागतो. करावर कर म्हणतात तो हाच. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांचे जीएसटी दर बदलले. चार मीटरपर्यंत लांबीच्या छोट्या गाड्या, पेट्रोलला १२०० सीसीपर्यंत आणि डिझेलला १५०० सीसीपर्यंत, १८ टक्क्यांत आल्या. त्याहून मोठ्या ४० टक्क्यांत, पण आधीचा भरपाई सेस गेला. परदेशातून कुणी छोटी गाडी मागवत नाही, म्हणून ४० टक्के धरू. पावणेचोवीस लाखांचे ४० टक्के म्हणजे साडेनऊ लाख.

एकूण झाले ३३ लाख २५ हजार. त्यात गाडी दहाची आणि कर सव्वातेवीस लाखांचा.

यात बंदरावरचं भाडं, कस्टम हाउस एजंटची फी, तपासणीचा खर्च धरलेला नाही. कागद अडकला की बंदरात गाडी उभी राहते आणि दिवसाचं भाडं वाढत जातं. हे बिल किती होईल ते आधी कुणीच सांगू शकत नाही, म्हणून त्यासाठी पैसे हाताशी ठेवूनच पुढे जावं.

नंतर आरटीओ. महाराष्ट्रात आयात गाडीला एकरकमी कर २० टक्के आहे, साध्या पेट्रोल गाडीला तो ११ ते १३ टक्के असतो. हा २० टक्के आयात शुल्क धरून झालेल्या किमतीवर बसतो. तो पकडला की दहा लाखांची गाडी नंबर प्लेट लागेपर्यंत चाळिसाच्या घरात जाते.

तोंडी हिशोब ठेवायचा असेल तर मोठ्या गाडीला चारने गुणा. वीस लाखांची गाडी ऐंशीला. छोटी गाडी असेल तर सव्वातीन-साडेतीनने. एवढा गुणाकार केला की दहापैकी नऊ जण पुढचा प्रश्न विचारत नाहीत.

नवी महागडी गाडी, म्हणजे ४० हजार डॉलरच्या वरची, आयात केली तर सीमाशुल्क आणि उपकर मिळून ११० टक्के होतात. वापरलेलीला १३७.५. जुनीला जास्त, नवीला कमी. आपल्याला उलटं वाटतं, पण सरकारने हे ठरवूनच केलंय. श्रीमंत देशांतल्या टाकाऊ गाड्यांचा ढीग इथे येऊ नये आणि इथल्या कारखान्यांचा धंदा बसू नये, हा त्यामागचा हेतू. तो पटो न पटो, भिंत मुद्दाम बांधलेली आहे. तिला कुठेतरी भोक असेल असं सांगणाऱ्यापासून सावध राहा.

बिलात किंमत कमी दाखवली तर?

हा सल्लाही मिळतो. "लिलावात घेतली, दोन हजार डॉलर लिहू." कस्टम्सला बिलावर शंका आली तर ते बिल बाजूला ठेवतात आणि गाडी नवी असतानाच्या कारखान्याच्या किमतीपासून सुरुवात करतात. त्यातून झीज वजा होते: पहिल्या वर्षाची १६ टक्के, दुसऱ्याची १२, तिसऱ्याची १०. मग भाडं आणि विमा जोडतात. तीस लाखांची गाडी दोन वर्षांनी २८ टक्के वजा होऊन एकवीस लाख साठ हजारांची धरली जाते, तुमच्या बिलावर काहीही असो. तीन वर्षं पूर्ण झाली तरी एकूण वजावट ३८ टक्क्यांच्या पुढे जात नाही. आखाती बाजारात गाडी यापेक्षा खूप लवकर पडते हे आपण सगळे जाणतो, पण कस्टम्स बाजार बघत नाही, तक्ता बघतं.

मुद्दाम कमी किंमत दाखवल्याचं सिद्ध झालं तर गाडी जप्त होऊ शकते, दंड वेगळा.

आणखी एक गोष्ट विचारली जाते. भारत आणि यूएई यांच्यात १ मे २०२२ पासून सेपा करार लागू आहे, मग दुबईच्या गाडीला सवलत नाही का? असे करार माल कुठून निघाला हे बघत नाहीत, कुठे बनला ते बघतात. जपानमध्ये बनलेली टोयोटा दुबईत चार वर्षं फिरली म्हणून अमिरातीची होत नाही.

मग केरळात दुबईच्या नंबरच्या गाड्या कशा दिसतात?

दिसतात, खरं आहे. त्या कार्नेवर आलेल्या असतात. कार्ने म्हणजे गाडीचा पासपोर्ट समजा. गाडी ज्या देशात नोंदलेली आहे तिथल्या ऑटोमोबाइल क्लबकडून तो काढायचा, त्यासाठी मोठी रक्कम किंवा बँक गॅरंटी अडकवायची, आणि गाडी तात्पुरती आणायची. भारतात मुदत सहा महिने. कर लागत नाही, डावं स्टेअरिंगही चालतं, कारण गाडी परत जाणार असते. आपल्याकडे मुंबईची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन या कामात जुनी आहे, इथून गाडी घेऊन बाहेर जाणारे तिच्याकडे जातात.

लंब्या सुट्टीवर घरच्यांना घेऊन फिरायचं असेल, पैसा अडकवायची ताकद असेल, तर हा मार्ग पूर्ण कायदेशीर आहे. मात्र ती गाडी विकता येत नाही, चुलतभावाला वापरायला देऊन परत जाता येत नाही. मुदतीत बाहेर नेली नाही तर पूर्ण ड्युटीची वसुली निघते आणि ती गॅरंटीतूनच होते. कार्नेवर आणून "नंतर बघू" म्हणणाऱ्यांनी हे आधीच बघावं.

इथेच मिळणारी स्वस्त इम्पोर्टेड गाडी

हा धोका मला सगळ्यात मोठा वाटतो, कारण यात फसणाऱ्याने आयात केलेलीच नसते. भिवंडी, मुंब्रा, मालेगाव, कुठेही तुम्हाला कुणी लँड क्रूझर अर्ध्या भावात दाखवेल. नंबर अरुणाचलचा, हिमाचलचा किंवा मणिपूरचा असेल. आरसी अगदी खरी दिसेल.

सप्टेंबर २०२५ मध्ये कोचीच्या कस्टम्सने ऑपरेशन नुमखोर नावाची मोहीम केली आणि केरळात ठिकठिकाणी गाड्या ताब्यात घेतल्या. भूतानमार्गे ड्युटी न भरता गाड्या आत आणायच्या, खोट्या कागदांवर दूरच्या राज्यात नोंदवायच्या आणि मग विकायच्या, असा तो आरोप आहे. नुमखोर म्हणजे भूतानी भाषेत गाडी. त्याआधी २०२१ मध्ये डीआरआयने दूतावासातल्या अधिकाऱ्यांच्या नावावर बिनकराने गाड्या मागवून बाहेर विकणारी टोळी पकडली होती. दोन्ही वेळी दार वाजलं ते शेवटच्या खरेदीदाराचं.

ड्युटी चुकवून आलेला माल जप्त करण्याचा अधिकार कस्टम्सला मालावरच असतो, तो कितव्या हातात आहे याने फरक पडत नाही. तुम्ही पूर्ण पैसे मोजलेत, आरटीओत नाव लावलंत, तरी गाडी उचलून नेऊ शकतात. म्हणून आयात गाडी घेताना आरसी बघून थांबू नका. बिल ऑफ एंट्री मागा, ड्युटी भरल्याची पावती मागा, तपासणीचं प्रमाणपत्र मागा. तिन्हींवरचा चेसिस नंबर स्वतः वाकून गाडीवरच्या नंबराशी ताडून बघा. विकणारा "कागद गावी आहेत" म्हणाला तर त्याला गावी जाऊन घेऊन येऊ द्या, तोवर तुम्ही चहा पिऊन निघा.

परतताना गाडीचं काय करायचं?

विका. तिथेच, आणि घाई न करता. तिकीट काढल्यावर विकायला निघालात की शोरूमवाला तुमच्या चेहऱ्यावरून भाव ठरवतो. तीन-चार महिने आधी बाजारात टाका. सौदीत तर नावावर गाडी असेपर्यंत फायनल एक्झिट मिळत नाही, ट्रान्सफर करावीच लागते. ट्रॅफिकचे दंड, बँकेचा हप्ता बाकी असेल तर आधी मिटवा. पैसा बँकेच्या मार्गाने स्वतःच्या खात्यात पाठवा, पावत्या जपून ठेवा. त्या पैशात इथे तेवढ्याच दर्जाची, उजव्या स्टेअरिंगची, गॅरेज ओळखतं अशी गाडी मिळते.

मालक वारला असेल तर एक गोष्ट आणखी. गाडी ही तरका आहे, मय्यताची मालमत्ता. ती मोठ्या मुलाची होत नाही. आधी कर्ज फेडायचं, मग सगळ्या वारसांचे हिस्से, मुलंबाळं असतील तर बेवेचा आठवा, आणि मुलींचे हिस्सेही. "अब्बांची आठवण" म्हणून एक भाऊ गाडी ठेवतो आणि बहिणी गप्प बसतात, असं आपल्याकडे सर्रास चालतं. परदेशातली गाडी विकायला तिथल्या कोर्टाचा वारसनामा आणि सगळ्या वारसांचं अटेस्ट केलेलं मुखत्यारपत्र लागतं, त्यामुळे तिथे तरी बहिणींची सही घ्यावीच लागते. त्या पैशावर भारतात वारसा कर नाही. तो १९८५ मध्ये रद्द झाला.

श्रीवर्धनच्या त्या घरात मी हाच हिशोब कागदावर मांडून दाखवला. वीस लाख धरले, खाली ऐंशी लिहिले, आणि शेजारी लिहिलं, स्टेअरिंग डावं. मुलगा बराच वेळ कागदाकडे बघत होता. मग आत गेला आणि आईला सांगून आला. कुवेतमध्ये मरहूमांचे एक जुने सहकारी आहेत, त्यांच्या नावाने मुखत्यारपत्र तयार होतंय. दोन बहिणींच्या सह्या झाल्या, तिसरी बहरीनला असते, तिची यायची आहे.

एजंटला दिलेले पन्नास हजार अजून परत आलेले नाहीत. फोन वाजतो, कुणी उचलत नाही. व्हॉट्सॲपवरचे मेसेज आणि यूपीआयची पावती घेऊन त्याने पोलिसांत अर्ज दिला आहे.